रंगीत लेझर प्रिंटरमधील मुद्रणदोष

रंगीत लेझर प्रिंटरमधील मुद्रणदोष म्हणजे लेझर प्रिंटरवर छापलेल्या कागदावर दिसणाऱ्या रेघा, ठिपके, पट्टे, पुसट भाग, सावलीसारख्या दुहेरी प्रतिमा, चुकीचे रंग, सुटणारा टोनर इत्यादी त्रुटी होत. हे दोष यदृच्छेने उद्भवत नाहीत. प्रिंटरमधील प्रत्येक भाग कागदाशी ठराविक दिशेने, ठराविक वेगाने आणि ठराविक क्रमाने संबंधित असतो. त्यामुळे दोषाची दिशा, त्याचा रंग आणि तो किती अंतराने पुन्हा उमटतो यांवरून बहुधा बिघडलेला भाग ओळखता येतो. असे निदान न करता केवळ टोनर कार्ट्रिज बदलणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत खर्चिक चूक आहे, कारण अनेक दोषांचा टोनरशी काहीही संबंध नसतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लेझर प्रिंटरचे मूळ शुष्क छायामुद्रणाच्या तंत्रात आहे. अमेरिकी संशोधक चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया येथे गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर स्थिर विद्युत्भाराच्या साहाय्याने पहिली प्रतिमा मिळवली. तीत त्या दिवसाची तारीख व स्थळाचे नाव एवढाच मजकूर होता. या तंत्राला पुढे 'कोरडे लेखन' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून झेरोग्राफी हे नाव मिळाले. याच नावावरून झेरॉक्स कंपनीचे नाव पडले आणि मराठीत 'झेरॉक्स' हा शब्द छायाप्रतीसाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाला.

छायाप्रत यंत्रात मूळ कागदाच्या प्रतिबिंबाऐवजी संगणकाने नियंत्रित केलेला लेझर किरण वापरण्याची कल्पना झेरॉक्समधील अभियंता गॅरी स्टार्कवेदर यांनी प्रत्यक्षात आणली. १९७७ मध्ये झेरॉक्स ९७०० हा मोठा व्यावसायिक लेझर प्रिंटर आणि १९८४ मध्ये एच्‌पी कंपनीचा लेझरजेट हा मेजावर ठेवता येणारा प्रिंटर बाजारात आला. एच्‌पीचा पहिला रंगीत लेझर प्रिंटर १९९४ मधील आहे. मुद्रणाचे मूलतत्त्व या साऱ्या काळात फारसे बदललेले नाही. म्हणूनच दोषांच्या निदानाची पद्धतही बहुतेक प्रिंटरांना सारखीच लागू पडते.

मुद्रणाची प्रक्रिया

दोष समजण्यासाठी मुद्रणाचे टप्पे क्रमाने माहीत असणे आवश्यक आहे.

१. विद्युत्भारण : प्रकाशसंवेदी लेप असलेल्या ड्रमच्या पृष्ठभागावर भारण रोलर किंवा तार एकसारखा ऋण विद्युत्भार पसरवते.

२. आलेखन : लेझर किरण जेथे पडतो तेथील विद्युत्भार निघून जातो. अशा रीतीने ड्रमवर अदृश्य प्रतिमा तयार होते.

३. विकसन : ऋणभारित टोनर विकसन रोलरवरून ड्रमच्या भारमुक्त झालेल्या बिंदूंकडे ओढला जातो. टोनर ही शाई नसून राळ, रंगद्रव्य आणि मेण यांची अतिसूक्ष्म भुकटी असते. तिच्या कणांचा आकार सामान्यतः ५ ते १० मायक्रोमीटर असतो.

४. स्थानांतरण : धन विद्युत्दाबाच्या ओढीने टोनर ड्रमवरून कागदावर, किंवा आधी ट्रान्सफर बेल्टवर आणि तेथून कागदावर जातो.

५. पक्कीकरण : फ्यूझरमधील तापलेला रोलर किंवा फिल्म आणि दाब रोलर यांच्यामधून जाताना टोनर वितळून कागदाच्या तंतूंना चिकटतो. फ्यूझरचे तापमान सुमारे १६० ते २०० अंश सेल्सियस असते.

६. स्वच्छता : ड्रमवर उरलेला टोनर रबरी पाते खरवडून काढते आणि पुढचे चक्र सुरू होते.

रंगीत प्रिंटरमध्ये सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार टोनरांसाठी ही प्रक्रिया होते. जुन्या रचनेत एकच ड्रम चार फेऱ्यांत चार रंग उमटवत असे. आजच्या बहुसंख्य प्रिंटरांत चार रंगांचे चार ड्रम ओळीने बसवलेले असतात आणि एकाच फेरीत मुद्रण पूर्ण होते. बेल्ट व फ्यूझर मात्र चारही रंगांना समाईक असतात. निदानाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

निदानाची पूर्वतयारी

प्रथम दोष प्रिंटरचा आहे की धारिकेचा, हे ठरवावे लागते. त्यासाठी संगणकाचा संबंध न ठेवता प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूमधून चाचणी पान छापतात. चाचणी पान निर्दोष असेल, तर चूक धारिकेत, संगणकावरील ड्रायव्हरमध्ये किंवा मांडण्यांमध्ये असते. टोनर बचतीची मांडणी चालू राहिल्याने फिकट छपाई होणे, हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. स्कॅनर असलेल्या बहुउपयोगी यंत्रात फक्त छायाप्रतीवर रेघ दिसत असेल आणि संगणकावरून केलेली छपाई स्वच्छ असेल, तर दोष छपाईच्या यंत्रणेत नसतो. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या फीडरखालील काचेच्या अरुंद पट्टीवर चिकटलेला एखादा शाईचा किंवा डिंकाचा कण अशी रेघ निर्माण करतो. ओलसर मऊ फडक्याने काच पुसताच ती नाहीशी होते.

प्रिंटरचाच दोष असल्यास पुढील चार प्रकारची पाने छापून पाहणे उपयुक्त ठरते : एक पूर्ण कोरे पान, चारही रंगांचे प्रत्येकी एक भरीव पान, प्रत्येक रंगाच्या मध्यम छटेचे एक पान आणि साध्या मजकुराचे पान. मध्यम छटा असंख्य सूक्ष्म ठिपक्यांनी बनलेली असल्याने भरीव रंगात लपणारे पट्टे व डाग तिच्यात स्पष्ट दिसतात.

रंगावरून निदान

दोष एकाच रंगात दिसतो की सर्व रंगांत, हा पहिला प्रश्न होय. चार ड्रम असलेल्या प्रिंटरमध्ये डाग केवळ किरमिजी पानावर दिसत असेल, तर तो किरमिजी रंगाच्या ड्रमशी, विकसन रोलरशी किंवा कार्ट्रिजशी संबंधित असतो. तोच डाग त्याच जागी सर्व रंगांच्या पानांवर दिसत असेल, तर बेल्ट, स्थानांतरण रोलर किंवा फ्यूझर या समाईक भागांचा संशय घ्यावा लागतो. एका ड्रमच्या जुन्या रचनेत ड्रमही समाईक असल्याने त्याचा दोष चारही रंगांत उमटतो.

एखादा रंग पूर्णपणे गळाला, तर चित्रातील रंग ठराविक रीतीने बदलतात. पिवळा गळाल्यास तांबडा किरमिजी आणि हिरवा निळसर दिसतो. किरमिजी गळाल्यास तांबड्याचा पिवळा आणि निळ्याचा निळसर होतो. सायन गळाल्यास हिरवा पिवळा आणि निळा किरमिजी दिसू लागतो. नवे कार्ट्रिज बसवल्यानंतर लगेच असे घडले, तर त्यावरील संरक्षक पट्टी काढायची राहून गेली आहे का, हे प्रथम तपासतात.

संपूर्ण पान एकाच रंगाने माखून आले, तर बहुधा त्या रंगाच्या ड्रमला विद्युत्भार मिळत नसतो. ड्रमचा सारा पृष्ठभाग भारमुक्त राहिल्याने तो सर्वत्र टोनर ओढून घेतो. याउलट एखाद्या रंगाचे पान कोरे येत असेल, तर लेझर किरण ड्रमपर्यंत पोहोचत नाही किंवा टोनर ड्रमपर्यंत येत नाही, असे समजावे.

दिशेवरून निदान

कागदाच्या प्रवासाच्या दिशेने, म्हणजे सामान्यतः पानाच्या वरून खाली जाणारी सलग रेघ ही एकाच जागी स्थिर असलेल्या अडथळ्यामुळे निर्माण होते. रेघेच्या स्वरूपावरून तिचे कारण कळते.

- बारीक, गडद व तीक्ष्ण कडांची रेघ : ड्रमवरील गोल चरा, किंवा स्वच्छता करणाऱ्या पात्याची कड तुटलेली असणे.
- रुंद, फिकट व अस्पष्ट कडांचा पट्टा : लेझर किरणाच्या मार्गातील काचेवर धूळ किंवा टोनर बसणे. अनेक प्रिंटरांत ही काच पुसण्यासाठी खास दांडी दिलेली असते.
- बारीक पांढरी रेघ : विकसन रोलरपाशी अडकलेला टोनरचा गोळा. लेझरऐवजी एलईडी दिव्यांची रांग वापरणाऱ्या प्रिंटरांत एखादा दिवा झाकला गेला किंवा बंद पडला, तरीही अशीच रेघ येते.

कागदाच्या प्रवासाला आडवे असलेले पट्टे वेगळ्या गटात मोडतात. ते समान अंतराने येत असतील, तर एखादा रोलर किंवा दंतचक्र सदोष असते. पानावर कोठेही आणि अनियमितपणे येत असतील, तर विद्युत्दाबातील चढउतार किंवा कागद ओढणाऱ्या यंत्रणेतील धक्के हे कारण संभवते.

पुनरावृत्तीच्या अंतरावरून निदान

लेझर प्रिंटरच्या निदानातील सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे साधी मोजपट्टी. कागद प्रिंटरमधून जात असताना त्याच्या संपर्कातील रोलर अनेकदा फिरतात. रोलरच्या पृष्ठभागावर एका जागी खोक पडली असेल, तर प्रत्येक फेऱ्याला ती कागदावर एकदा उमटते. दोन डागांमधील अंतर म्हणजे त्या रोलरचा परीघ होय आणि परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. त्यानुसार १२ मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा डाग सुमारे ३७.७ मिलिमीटर अंतराने, २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा सुमारे ७५.४ मिलिमीटर अंतराने आणि ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा सुमारे ९४.२ मिलिमीटर अंतराने पुन्हा दिसतो. ए४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर असल्याने ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवरील एक खोक एका पानावर बहुधा तीनदा उमटते.

मोजमाप करताना एका डागाच्या वरच्या कडेपासून पुढच्या डागाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. तीन-चार डाग असल्यास पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचे अंतर मोजून त्याला मधल्या अंतरांच्या संख्येने भागल्यास चूक कमी होते. अनेक उत्पादक आपल्या सेवापुस्तिकेत प्रत्येक भागाचे अंतर कोष्टकरूपाने देतात. काही प्रिंटर तर अशी मोजपट्टीच छापून देतात.

या नियमाला दोन अपवाद आहेत. विकसन रोलर अनेकदा ड्रमपेक्षा अधिक वेगाने फिरवला जातो. त्यामुळे त्याच्या डागांचे कागदावरील अंतर त्याच्या परिघापेक्षा कमी भरते. ट्रान्सफर बेल्टची लांबी कागदापेक्षा जास्त असू शकते. अशा वेळी तिचा डाग प्रत्येक पानावर न येता काही पानांआड येतो आणि पानावरील त्याची जागाही सरकत जाते. म्हणून असा संशय असल्यास एकच पान न पाहता सलग आठ-दहा पाने क्रमाने मांडून पाहावी लागतात.

डाग गडद आहे की पांढरा, यालाही अर्थ असतो. ड्रमवरील एखाद्या बिंदूतून विद्युत्भार गळत असेल, तर तेथे टोनर चिकटतो आणि कोऱ्या भागावर गडद ठिपका पडतो. एखाद्या बिंदूवर चिकट थर बसल्याने तेथील विद्युत्भार किरण पडूनही निघून जात नसेल, तर भरीव रंगात पांढरा ठिपका दिसतो.

मधल्या टप्प्यावर थांबवून तपासणी

अंतर मोजूनही शंका उरली, तर छपाई चालू असताना पान अर्ध्यावर असतानाच प्रिंटरचे दार उघडून ती थांबवतात. फ्यूझरपर्यंत न पोहोचलेल्या कागदावर सैल टोनरची प्रतिमा दिसते. ती निर्दोष असेल, तर दोष पुढे, म्हणजे फ्यूझरमध्ये आहे. तीच सदोष असेल, तर बेल्टवरील प्रतिमा पाहावी आणि त्याआधी ड्रमवरील. ज्या टप्प्यावर दोष प्रथम दिसतो, त्याच्या आधीच्या टप्प्यात त्याचे मूळ असते. ड्रम उघडा पडत असल्यास ही तपासणी मंद प्रकाशात व थोडक्या वेळात उरकावी लागते.

इतर प्रमुख दोष

छायाप्रतिमा : पानाच्या वरच्या भागातील ठळक अक्षरे खाली फिकट स्वरूपात पुन्हा उमटतात. मूळ अक्षर व त्याची छाया यांतील अंतर ड्रमच्या परिघाइतके असेल, तर ड्रम झिजला आहे किंवा त्याची स्वच्छता होत नाही. ते फ्यूझर रोलरच्या परिघाइतके असेल, तर टोनर नीट न वितळता किंवा अति वितळून रोलरला चिकटत असतो.

टोनर सुटणे : अक्षरांवरून बोट फिरवताच ती पुसली जातात. जाड कागद, पाकीट किंवा खडबडीत कागद वापरून मांडणीत मात्र साधा कागद निवडलेला असणे, हे याचे पहिले कारण होय. कागदाचा योग्य प्रकार निवडल्यास प्रिंटर वेग कमी करतो किंवा तापमान वाढवतो. तरीही टोनर सुटत असेल, तर फ्यूझर निकामी झालेला असू शकतो. पुन्हा भरलेल्या कार्ट्रिजमधील टोनरचा वितळणांक प्रिंटरला अनुरूप नसेल, तरीही हा दोष उद्भवतो.

पार्श्वभूमी मळकट होणे : कोऱ्या भागावर टोनरची हलकी धूळ पसरलेली दिसते. झिजलेला ड्रम, अपुरे विद्युत्भारण किंवा विसंगत टोनर ही याची कारणे होत.

रंगांची जुळणी बिघडणे : अक्षरांच्या कडेला वेगळ्या रंगाची किनार दिसते किंवा दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट राहते. चार ड्रमांच्या प्रतिमा एकमेकींवर अचूक न पडल्याने असे होते. प्रिंटर हलवल्यानंतर, कार्ट्रिज बदलल्यानंतर किंवा तापमान बदलल्यानंतर हा दोष वाढतो. मेनूमधील रंगजुळणी किंवा कॅलिब्रेशनची आज्ञा देणे हा त्याचा पहिला उपाय आहे.

दोष नसलेल्या गोष्टी

पडद्यावरील झगझगीत निळा किंवा नारिंगी कागदावर मंद दिसणे हा बिघाड नव्हे. पडदा प्रकाशाच्या तीन रंगांनी, तर प्रिंटर चार रंगद्रव्यांनी चित्र घडवतो आणि दोघांच्या रंगकक्षा वेगळ्या असतात. अनेक रंगीत लेझर प्रिंटर पानभर अतिशय सूक्ष्म पिवळे ठिपके उमटवतात. तेही दोष नसून ओळखखूण असते. खोट्या नोटांना आळा घालण्याच्या हेतूने ही पद्धत आली. २००५ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर मालिकेतील प्रिंटरचे असे ठिपके उलगडून त्यांत छपाईची तारीख, वेळ व यंत्राचा अनुक्रमांक नोंदलेला असल्याचे दाखवले.

देवनागरी मजकुरावरील परिणाम

ठिपक्यांचा दोष चित्रात केवळ विद्रूप दिसतो. देवनागरी मजकुरात मात्र तो अर्थ बदलू शकतो. शिरोरेषेवर पडलेला एक गडद ठिपका अनुस्वारासारखा वाचला जातो आणि 'वश'चा 'वंश', 'मद'चा 'मंद' किंवा 'पत'चा 'पंत' होतो. याउलट पांढऱ्या ठिपक्यामुळे खरा अनुस्वार गळून पडतो. दोन अंकांच्या मध्ये आलेला ठिपका दशांशचिन्ह भासतो. ३५ चे ३.५ होतात. गुणपत्रक, पावती किंवा जमिनीचा उतारा अशा कागदांवर ही चूक गंभीर ठरते आणि वाचणाऱ्याला ती यंत्राची आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. संशय आल्यास त्याच पानावर ठराविक अंतराने तसाच ठिपका इतरत्र, विशेषतः समासात आहे का, हे पाहावे. धारिकेतील मूळ मजकूर पडताळणे हा अंतिम उपाय होय.

कागद आणि हवामान

कागद हवेतील आर्द्रता शोषून घेतो. दमट कागदाची विद्युत्रोधकता घटते आणि त्यावर टोनर एकसारखा ओढला जात नाही; भरीव रंग ठिगळांसारखा दिसतो, कागद गुंडाळला जातो आणि फ्यूझरमध्ये वाफ धरते. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात यंत्रात बिघाड नसतानाही असे दोष दिसतात. कागदाचे रीम वेष्टनातच ठेवणे, ट्रेमध्ये गरजेपुरताच कागद घालणे आणि चाचणीसाठी नवे रीम फोडणे, हे उपाय सर्वांत स्वस्त आहेत. अतिशय कोरड्या हवेत स्थिर विद्युत् वाढून कागद एकमेकांना चिकटतात व टोनर अक्षरांभोवती उडालेला दिसतो. शाईच्या प्रिंटरसाठी असलेला लेपित कागद किंवा लेझरसाठी नसलेली प्लास्टिकची पारदर्शिका वापरल्यास लेप किंवा प्लास्टिक फ्यूझरमध्ये वितळून तो कायमचा खराब होऊ शकतो.

उपायांचा क्रम

खर्चाच्या चढत्या क्रमाने उपाय करणे हितावह असते : कागद बदलणे, मांडण्या तपासणे, कॅलिब्रेशन व स्वच्छतेचे पान चालवणे, काच व रोलर पुसणे, आणि त्यानंतरच भाग बदलणे. टोनर संपत आल्याने छपाई पुसट होत असेल, तर उत्पादकाने अनुमती दिलेल्या प्रकारांत कार्ट्रिज आडवे धरून हलकेच हलवल्यास उरलेला टोनर समान पसरतो. भाग बदलण्यापूर्वी प्रिंटरमधील पृष्ठगणकावरून त्या भागाचे आयुष्य किती उरले आहे, हेही पाहतात. कार्ट्रिजवर लिहिलेली पानांची संख्या आयएसओ/आयईसी १९७९८ यासारख्या मानकांनुसार ठरवलेल्या नमुना पानांवर आधारलेली असते; छायाचित्रे छापल्यास ती बरीच कमी भरते.

सुरक्षितता

फ्यूझर हाताळण्यापूर्वी प्रिंटर बंद करून तो पूर्ण थंड होऊ देणे आवश्यक असते. ड्रमला उन्हात ठेवू नये, त्याच्या पृष्ठभागाला बोट लावू नये व तो द्रावकाने पुसू नये. सांडलेला टोनर घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. त्याचे सूक्ष्म कण गाळणीतून आरपार जाऊन हवेत पसरतात आणि ठिणगीने पेटूही शकतात. किंचित ओलसर फडक्याने तो टिपून घ्यावा. हात व कपडे थंड पाण्याने धुवावेत, कारण गरम पाण्याने टोनर मऊ होऊन अधिक चिकटतो. दार उघडताच लेझर बंद करणारी कळ दाबून ठेवून यंत्र चालवणे डोळ्यांना धोकादायक आहे.